शेवटच्या दिव्यातला प्लग

तालमीआधी आमच्या नाटकाची प्रकाशयोजना करणारी वासंती रंगमंचावर दिवे जोडत होती. कोणत्या दिव्याने कधी उजळायचं, कधी विझायचं हा निरोप नेणारी बारीक केबल ती एका दिव्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात ओवत चालली होती. मी विंगेत संवाद घोकत बसले होते, पण एकही वाक्य डोक्यात राहत नव्हतं. तिकडे गावी आईला ऑपरेशनसाठी आत नेलं होतं आणि इथं मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

एकाएकी सगळे दिवे आपोआप लुकलुकायला लागले. मी दचकले.

"बिघडले का गं?"

"नाही. शेवटच्या दिव्यात एक छोटा प्लग लावायचा राहिलाय. टोकाला पोचलेला निरोप त्यात मुरतो. तो नसला की निरोप आपटून परत फिरतो, मग सगळेच गोंधळतात."

तिने प्लग बसवला आणि दिवे स्थिर झाले. सकाळपासून माझी काळजीही अशीच आपटून परत येत होती. माणसाची काळजी मुरते तरी कुठं? बहुधा दुसऱ्या माणसातच.

"वासंती, आईचं आज ऑपरेशन आहे."

ती हातातलं काम ठेवून जवळ आली. "आणि तू इथं पाठांतर करतेस? तुझ्या दादाला फोन लाव आधी."

दादाने लगेच उचलला. "अजून आतच आहे," तो म्हणाला. "ठेवू नकोस गं. मीपण एकटाच बसलोय."

मी फोन तसाच कानाला धरून ठेवला. त्या लांबच्या दवाखान्यातून येणारे चपलांचे आवाज मी ऐकत राहिले.