आप्पांची अडलेली धार

"पुरुष डॉक्टर न्हाई का?"

सदाशिवआप्पा खुर्चीवर बसायला तयार नव्हते. टेबल धरून वाकून उभे होते, कपाळावर घाम. ताडकळसच्या बाजारात त्यांचं किराणा दुकान. माझा दवाखाना तिथून जवळच, आणि डॉक्टर मी एकटीच.

"जीव जायलाय अन् लाजायले काय?" त्यांच्या पत्नी पार्वतीकाकू म्हणाल्या. "डॉक्टरबाई, सकाळपासून लघवीच न्हाई."

मूत्राशय बेंबीपर्यंत फुगलं होतं. मी कॅथेटर, म्हणजे लघवीच्या वाटेने आत सोडायची नळी, घातली. नळीला जोडलेली पिशवी भरत गेली तसे आप्पा बोलते झाले. धार वर्षभरापासून बारीक होती. कोणाला सांगितलं नव्हतं. पण आजच का अडली?

"सर्दीच्या गोळ्या घेतल्या का?"

"परवापासून घ्यायले," काकू म्हणाल्या.

मी समजावलं. मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट ग्रंथी असते. वयाने ती वाढते, वाट अरुंद होते. तिथले स्नायू आपल्या हुकमात नसतात. शरीरातून इशारा मिळाला की आवळतात. नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्या तोच इशारा देतात. अल्फा-ब्लॉकर नावाची गोळी तो इशारा अडवते, स्नायू सैल पडतात.

"म्हंजे पोत्याची सुतळी ढिली करायची," आप्पा म्हणाले.

"तेवढंच. ग्रंथी आहे तेवढीच राहणार."

परभणीला सोनोग्राफी झाली. तिथले युरॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रविकारांचे डॉक्टर, फोनवर म्हणाले, "गोळी सुरू करा, तीन दिवसांनी नळी काढा. लघवी नाहीच झाली तर ऑपरेशनला पाठवा."

मला वाटलं, आप्पा घरात दडून बसतील. ते पिशवी घेऊन गल्ल्यावर बसले. गिऱ्हाइकांनी विचारलं तर सरळ सांगायचे, "लघवीची पिशवी हाय. तुमाला बी रात्री उठावं लागतंय का? मंग दाखवा डॉक्टरबाईला."

नळी काढली त्या दिवशी पाणी पिऊन ते बाकावर बसले. एकदा आत गेले, तसेच परत आले. दुसऱ्यांदा गेले. काकू दाराला कान लावून उभ्या.

"व्हायलीय," त्या हळूच म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

मी पोट तपासलं. मऊ होतं.

"आता गोळी बंद करू का?" आप्पांनी विचारलं.

"रोज घ्यायची. उठताना सावकाश, चक्कर येते. अन् सर्दीची गोळी मला विचारल्याशिवाय नको."

पुढे आप्पांनी पाठवलेली म्हातारी माणसं येत राहिली. बहुतेकांना गोळी पुरली, एकाला ऑपरेशन लागलं. मी ही गोळी आधीही देतच होते. पण हे दुखणं चारचौघांत बोलणारा माणूस गावाला मिळाला, तेव्हा ती वेळेवर पोटात जायला लागली.