दरवाजाचं उजवं फूल

नामदेव गेल्याची बातमी मला त्याच्या घरून नाही, मशिदीतून आली. आष्टीकडच्या एका गावातल्या जुन्या मशिदीची देखभाल रशीदभाई करतात. त्यांचा फोन आला, "मास्तर, आपले गुर्जी गेले. तुमचा फोन लागून नाई राह्यला म्हणून सूनबाईनं मले केला." मी अंघोळ करून नुकताच फोन चालू केला होता. जुना मित्र जातो आणि आपण तिकडे अंगाला साबण चोळत असतो... त्याला आता दीड महिना झाला.

पुलगावच्या शाळेत तो चित्रकला शिकवायचा, मी गणित. घरची भाजीची वाडी, त्यामुळे त्याच्या पिशवीत मेथीच्या जुड्या आणि ड्रॉइंगचे कागद एकत्रच असत. दर रविवारी एसटीने त्या मशिदीत जायचं हे त्याचं खूळ, आणि मापाची टेप धरायला मी. काळ्या दगडाची उंच, टोकदार कमान. तिच्या आतल्या कडेला कमळकळ्यांची झालर, वर चुन्याच्या गिलाव्यात वेलबुट्टी, आणि कमानीच्या दोन्ही खांद्यांवर ताटाएवढं एकेक कमळ. आत मात्र साध्या भिंती. मी विचारलं, "सारी कलाकुसर दारावरच काऊन?" तो म्हणाला, "आत काय मिरवाचं? जे मिरवाचं ते बाहेरच मिरवून घ्याचं, अन् मंग आत जाचं." गणिताच्या माणसाला हे पटलं नाही, पण लक्षात राहिलं.

शिडीवर चढून तो पतंगाचा पातळ कागद दगडावर दाबायचा आणि वरून कोळसा घासायचा. कोरीव काम जसंच्या तसं कागदावर उतरे. डावं कमळ असं उतरलं, आठ पाकळ्यांचं. उजव्यावर वर्षानुवर्षांच्या चुन्याचे थर होते, तिथे नुसता गोळा उमटला. परतीच्या बसला वीस मिनिटं होती. नामदेवने कागदाची मधोमध घडी घातली, डावं फूल उजवीकडे उतरवलं आणि चित्र पुरं झालं.

पुढे एका पावसाळ्यात उजव्या खांद्याचा दगड निखळून फुटला. मशिदीच्या कमिटीने पाथरवट बोलावला आणि नामदेवच्या चित्रावरून त्याने नवं फूल घडवलं. शाल-नारळ झाला, फोटो निघाले. त्या शालीत नामदेव नवरदेवासारखा अवघडून बसला होता.

फुटके तुकडे हौदामागे पडून होते. चार पावसांत त्यांच्यावरचा चुना धुऊन गेला. रशीदभाईंनी ते पोत्यावर मांडून दाखवले. सात पाकळ्या उमललेल्या, आणि आठवी मिटलेली कळीच. नामदेवने दोनदा मोजलं. दुसऱ्या दिवशी त्याने कमिटीला अर्ज लिहिला: चूक माझी आहे, फूल बदलून घ्यावं. उत्तर द्यायला रशीदभाई घरी आले. "गुर्जी, आता तो दगड काढला तं कमान खाली येईन. राहू द्या. कोणाले दिसते?"

"मले दिसते," नामदेव म्हणाला.

शेवटची भेट त्याच्या घरीच झाली. खाटेवर बसून मेथी निवडत होता. म्हणाला, "एक काम करजो. मी गेल्यावर लोकाइले सांगजो, ते उजवं फूल माह्यं आहे. त्या जुन्या कारागिराच्या नावावर माही चूक नको." मी हो म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा हो म्हटलं. मग त्याने मला मेथीची जुडी दिली.

मागच्या रविवारी एकटाच गेलो. दरवाजाखाली एक कुटुंब उभं होतं. रशीदभाई त्यांना सांगत होते, "डावं जुन्या कारागिराचं. अन् हे उजवं आमच्या गुर्जीचं." काम माझ्याआधीच होऊन गेलं होतं. तरी मला मान वर करवेना.

नामदेवचं ते चित्र आता माझ्या खोलीत आहे, त्याच्या सुनेने दिलं. दोन्ही फुलांच्या मधून घडीची रेघ अजून दिसते. त्या दिवशी तो थांबायला तयार होता. म्हणत होता, पुढच्या रविवारी चुना खरवडून पाहू. "दोन्हीकडे सारखंच असते, घाल घडी, बस सुटते," हे मी म्हणालो होतो. अर्जात त्याने माझं नाव लिहिलं नाही, रशीदभाईंना सांगितलं नाही, आणि खाटेवर बसून मला शपथ घातल्यासारखं विचारलं तेव्हाही माझ्या तोंडावर बोलला नाही. त्याला दिलेला शब्द मी पाळतो आहे, पण एका दुरुस्तीसह. उजवं फूल त्या जुन्या कारागिराचं नाही, आणि एकट्या नामदेवचंही नाही.