काळ्या दगडांचा ओटा

मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली, तेव्हा तिचा गेमिंग कन्सोल आमच्या पडेगावच्या घरात टीव्हीखाली तसाच राहिला. मी एका महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक आहे, दुपारी दोनला सुटतो. बायको शाळेतून पाचला येते. मधल्या तीन तासांत मी एकदा तो चालू करून पाहिला आणि वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी खेळायला लागलो.

खेळ असा की ओसाड मुलखात उतरायचं, लाकूड तोडायचं, दगड फोडायचे, मुक्काम उभा करायचा आणि तो श्वापदांपासून राखायचा. एकट्यानं निभत नाही, म्हणून इंटरनेटवर टोळ्या असतात. आमची टोळी मराठवाड्यातली, चौदा जणांची. वयानं मोठा म्हणून मला मुख्य केलं होतं. कानाला हेडफोन लावून सगळे एकमेकांशी बोलत. चेहरे कुणी कुणाचे पाहिले नव्हते.

मूळ खेळ सीडीवर येतो. पुढं त्याला नवे भाग निघतात, ते वेगळे विकत घेऊन डाऊनलोड करावे लागतात. ते महाग, म्हणून आमच्यात जोड्या लावायची पद्धत होती. एक भाग एकानं घ्यायचा, दुसरा दुसऱ्यानं, आणि दोघांनी आपापलं खातं एकमेकांच्या कन्सोलवर चढवायचं, म्हणजे दोघांनाही दोन्ही भाग खेळता येतात. त्यासाठी पासवर्ड सांगावा लागतो. त्यामुळं जोडी कुणाशी लावायची हे लोक सोयरीक जमवताना करावी तशी चौकशी करून ठरवत. माझी जोडी कन्नड गावच्या एका तिशीतल्या माणसाशी होती. त्याचं तिथं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. मला काका म्हणायचा. बर्फाच्या मुलखाचा भाग मी घेतला होता, समुद्राचा त्यानं.

दुपारी मी बसलो की त्याचं खातं बहुतेक वेळा चालू असे. पण दुपारी तो बोलत नसे. माइक बंद ठेवून मुकाट लाकडं आणायचा, शेकोटीत घालायचा, माझ्या पेटीत मांस भरून ठेवायचा. रात्रीच्या मानानं दुपारी त्याचा हात जरा जड चालायचा. मी धरून चाललो की दुकानात गिऱ्हाईक असेल, एकीकडं खेळत असेल. मोबाइलच्या टपरीवजा दुकानात खेळायला टीव्ही आणि कन्सोल कुठून येणार, हा प्रश्न मला दोन वर्षांत एकदाही पडला नाही.

बर्फाच्या मुलखात एक काळा दगड मिळतो. दुर्मीळ असतो. मोठी तटबंदी बांधण्यासाठी आम्ही सगळ्यांनी दोन महिने राबून तीनशे वीस काळे दगड जमवले होते. मोजदाद माझ्याकडं होती. प्रयोगशाळेत वीस वर्षं मी हेच करत आलोय. परीक्षानळ्या मोजायच्या, कमी भरल्या तर कुणी फोडली ते शोधायचं.

दिवाळीच्या तीन-चार दिवस आधी मी पेटी उघडली तर काळे दगड एकही नव्हते. बाकीचं सामान मात्र कधी नव्हतं इतकं नीट लावलेलं. मांस एका पेटीत, कातडी दुसरीत, बिया तिसरीत. पेटी कुणी उघडली याची नोंद खेळ ठेवतो. त्या दुपारी एकाच खात्यानं उघडली होती. कन्नडच्या.

संध्याकाळी सगळे जमले तेव्हा मी सरळ विचारलं, "काळे दगड कुठं गेले रे?"

"कुठले, काका?"

"तीनशे वीस. दुपारी पेटी तूच उघडलीस."

"दुपारी? दुपारी तर मी दुकानात व्हतो."

"मग तुझं भूत खेळत होतं का?"

चार-पाच जण हसले. जालन्याचा म्हणाला, "दुसरी टोळी भाव चांगला देऊ राहिली वाटतं." पुन्हा हसले.

कन्नडचा म्हणाला, "काका, थांबा एक मिनिट. मी घरात इचारून येतो."

"घरात काय विचारतोस?" मी म्हणालो. "चोर तो चोर, वर घरच्यांना मध्ये घालतो."

हे वाक्य मी बोललो. कुणी माझ्या तोंडात घातलं नाही. मला त्या वेळी चेव आला होता आणि बाकीचे ऐकताहेत याचा आनंदही होता, हेही लिहून टाकतो. लगेच त्याला टोळीतून काढलं. मग माझ्या खात्यात जाऊन पासवर्ड बदलला आणि त्याच्या कन्सोलवरची माझी परवानगी रद्द केली. म्हणजे त्याच्या घरी बर्फाच्या मुलखावर कुलपाचं चित्र आलं असणार. या सगळ्याला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

टोळीतून काढलेल्याचं मुक्कामातलं बांधकाम पाडायचं, असा आमचा नियम. दुसऱ्या दिवशी दुपारी मी हातोडा घेऊन निघालो. त्याची झोपडी पाडली, कुंपण पाडलं. झोपडीच्या पलीकडच्या बाजूला, जिकडं आम्ही सहसा जात नसू, एक बुटकं चौकोनी बांधकाम दिसलं. हेही त्याचंच असणार म्हणून घाव घातला.

या खेळात बांधकाम पाडलं की ते ज्याचं बनवलं असेल ती वस्तू परत हातात येते. पडद्याच्या कोपऱ्यात आलं, काळा दगड, बारा. मला कळेना. पुन्हा घाव घातला. काळा दगड, बारा. हात थांबायला हवा होता, पण तो थांबला नाही. प्रत्येक घावाला बारा, शेवटच्याला आठ, असे दगड येत गेले. शेवटी सगळे तीनशे वीस माझ्याकडं होते आणि समोर नुसता बर्फ होता.

तेव्हा मी मागं सरकून पाहिलं. समोरच्या बर्फात सात लहान मशाली एका ओळीत, सारख्या अंतरावर खोवलेल्या होत्या आणि अजून जळत होत्या. मधोमध एक हिरवं झुडूप पडलं होतं, ते ओट्यावर लावलेलं असणार. आमच्या खेळात त्या झुडपाचा काहीही उपयोग नाही, कुणी ते आणत नाही. दगड कुठंही गेले नव्हते. मुक्कामातच, त्या झोपडीमागं, कुणीतरी त्यांचा ओटा बांधला होता, वर तुळस लावावी तसं झुडूप लावलं होतं आणि पुढं दिवे ठेवले होते. पेट्यांमधलं ते लावलेलं सामान आठवलं. दिवाळीच्या तोंडावर घरं आवरतात तसं कुणीतरी आमचा मुक्काम आवरला होता. आणि ते काम मोबाइल दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचं नव्हतं, हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं.

बायको शाळेतून आली तरी मी तसाच बसलेला. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पेटी रिकामी दिसली तर आजूबाजूला बघायचं तरी." एवढंच.

मी त्याला निरोप पाठवायला गेलो तर त्यानं मला मित्रांच्या यादीतून काढलं होतं. फोन नंबर आमच्यात कुणी घेतलेले नव्हते. मग सहज म्हणून समुद्राचा भाग उघडून पाहिला. तो त्याचा. मी त्याला भर टोळीत चोर म्हणालो होतो, त्याचं बंद केलं होतं. त्यालाही माझं बंद करता आलं असतं, तेवढीच पाच मिनिटं लागली असती. समुद्र उघडला. त्यानं हातही लावला नव्हता. याचा मला जेवढा धक्का बसला तेवढा दगडांचाही बसला नव्हता.

भाऊबीज झाल्यावरच्या रविवारी एसटीनं वेरूळवरून कन्नडला गेलो. बाजारपेठेत मोबाइलची दुकानं विचारत फिरलो. चौथ्या दुकानात काउंटरमागचा माणूस मान वर न करता म्हणाला, "बोला," आणि मी आवाज ओळखला. मी "अरे, मी..." एवढंच म्हणालो तर त्यानंही ओळखला. स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"तुम्ही कशाला आलात, काका?"

"ओटा कुणी बांधला होता?"

"आईनं," तो म्हणाला. "गुडघे गेले तिचे. रानात जाणं बंद झालं तव्हापासून दुपारी ती खेळती. ओट्याचं मला पण त्या दिवशी रात्रीच कळलं."

"मग सांगायचं नाही का?"

"काय सांगू? आईनं केलं म्हणून सांगितलं असतं तर तुम्ही सगळे हसले असते. मला हसले तव्हा ऐकलंय की मी."

माझं खातं तुझ्या कन्सोलवर परत चढवायला आलोय, एवढं म्हणालो. त्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि मला घरी नेलं.

त्याची आई माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. टीव्हीसमोर पाय लांब करून बसली होती. "हे ते शहरातले काका," तो म्हणाला.

"या भाऊ. तुमचाच का तो बर्फ? लई दिस झाले, कुलूपच दिसतंय."

मी पासवर्ड घातला, परवानगी दिली, त्याचं खातं टोळीत परत घेतलं. कुलूप गेलं. तिनं कंट्रोलर घेतला, सराईतपणे मुक्कामात शिरली, झोपडीच्या मागं गेली आणि थांबली.

"इथं तर मोकळंच हाय."

"आई, ते आपोआप जातं कधी कधी," तो म्हणाला.

तो मला वाचवत होता. मी म्हणालो, "आपोआप नाही, ताई. मी मोडला."

"तुमी? का बरं?"

मग मी सांगितलं. दगड मोजले, नोंद पाहिली, सगळ्यांसमोर त्याला काय म्हणालो, ते सगळं. ओट्याचं तिला काही वाटलेलं दिसलं नाही. पण चोर हा शब्द आला तेव्हा तिनं कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"माझ्या पोराला म्हणालात?" मग पोराकडं वळून, "आन तू मला बोल्ला नाय?"

"राहू दे ना, आई."

"तू गप. किती जणांत म्हणाले हे?"

"आम्ही दोघं सोडून बारा," मी म्हणालो.

"मंग बारा जणांत सांगा. इथूनच सांगा, माझ्यासमोर."

मी टोळीला निरोप टाकला की सगळ्यांनी या, काम आहे. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण पडद्यावरची चित्रं ती बोटानं मोजत होती. पाच झाले. आठ झाले. जालन्याचा पाहुण्यांकडं गेला होता, त्यानं अर्ध्या तासात येतो म्हणून कळवलं. मी म्हणालो, "अकरा आलेत, ताई. सुरू करू?"

"येऊ द्या की त्याला. त्योबी हसला असंल ना?"

आम्ही तिघं वाट बघत बसलो. अखेर तो आला आणि आल्या आल्या म्हणाला, "काय काका, सापडले का दगड?"

"सापडले," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं. दगड मुक्कामातच होते. त्यांचा ओटा त्याच्या आईनं दिवाळीसाठी बांधला होता. मी न बघता आरोप केला, तो खोटा होता, आणि तो ओटाही मीच मोडला. आवाज टीव्हीवर सोडला होता, त्यामुळं पलीकडचं सगळं खोलीभर ऐकू येत होतं. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या काका, गेमच आहे."

ती हेडफोनच्या माइककडं वाकून म्हणाली, "गेममधी माणसं खोटी असत्यात का रं?"

कुणी हसलं नाही. मी माइक बंद केला.

"समद्यांनी ऐकलं?"

"ऐकलं."

तिनं मान हलवली. मी त्याच्याकडं पाहिलं तर तो भिंतीकडं तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. स्वतःचं दुकान चालवणारा कर्ता माणूस. पंधरा दिवस मी माझ्याच अपराधाचा विचार करत होतो. चोर हा शब्द घेऊन त्यानं ते पंधरा दिवस कसे काढले असतील, हे माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं.

"ए," आई त्याला म्हणाली, "जा, तोंड धू. आन येताना यांला पाणी आण."