बोर्ड सोडून उठायचं नाही

बाबांचं आणि माझं पटत नाही, हे आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनलाही ठाऊक आहे. बेसा भागातल्या तीन खोल्यांत आम्ही दोघंच राहतो आणि तीन खोल्या दोन माणसांना पुरत नाहीत. बाबा वीज केंद्रातून रिटायर झाले. तीस वर्षं कंट्रोल रूममध्ये एका बोर्डसमोर बसून त्यांनी बॉयलरचे काटे पाहिले. घरी आल्यावर पाहायला काटे उरले नाहीत, म्हणून मला पाहू लागले. गॅस किती मोठा ठेवलाय, गीझर किती वेळ चालू आहे, कूलरमध्ये पाणी कोणी भरलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते उगीच नाही.

मीही काही गरीब गाय नाही. त्यांच्याविरुद्ध माझ्याकडे एक गोष्ट आहे आणि ती मी आठ वर्षं वाळवणासारखी ऊन दाखवून जपली आहे. आई रामदासपेठेतल्या दवाखान्यात वारली तेव्हा बाबा ड्यूटीवर होते. सकाळी सातला मी फोन करून सांगितलं, तब्येत बिघडली आहे, या. ते म्हणाले, "रिलीव्हर आला नाही अजून." रिलीव्हर म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस. त्याने येऊन लॉगबुकात सही केल्याशिवाय आधीच्या माणसाने बोर्ड सोडून उठायचं नाही, असा त्यांचा धर्म. त्या दिवशी रिलीव्हर वेळेवर आला नाही. आई अकराच्या सुमारास गेली. बाबा दोन वाजता दवाखान्यात पोचले, हातात रात्रीच्या डब्याची पिशवी. दारातच मी त्यांना म्हटलं, "मी होतो तिच्यापाशी. तुम्ही नव्हते."

हे वाक्य मी पुढे पुष्कळ वापरलं. भाजीत मीठ कमी पडण्यावरून भांडण झालं तरी शेवटी तेच काढायचो, आणि बाबा गप्प व्हायचे. पण मला त्यांचं गप्प बसणं नको होतं. ‘चुकलं माझं’ एवढे दोन शब्द त्यांच्या तोंडून हवे होते. ते कधी बोलले नाहीत.

मग तो खेळ घरात आला. मीच लॅपटॉपवर घेतला होता, रविवारचा वेळ जावा म्हणून. चार रोबो असतात, तीन-तीन मजले उंच, प्रत्येकाच्या छातीत एक पायलट बसलेला. आपण चौघांना एकेक चाल द्यायची, गोळ्या झाडायच्या, मग बटण दाबून टर्न संपवायचा, की शत्रूचे रोबो चालतात. बटण दाबेपर्यंत शत्रू जागचा हलत नाही. तुम्ही आंघोळ करून या, गावाला जाऊन या, तो तसाच उभा. जास्त तोफा एकदम चालवल्या की रोबो तापतो आणि मर्यादेबाहेर तापला की एक टर्न बंद पडतो. मेलेला पायलट मात्र परत येत नाही.

मी खेळत असताना बाबा मागे येऊन उभे राहिले. पाच मिनिटांत सुरू झाले.

"तापवून राहिला तू मशीन. काटा दिसत नाही काय?"

"गेम आहे बाबा."

"मशीन ते मशीन. ट्रिप झाल्यावर सांगशील गेम हाय म्हणून."

पुढच्याच टर्नला माझा रोबो बंद पडला आणि शत्रूने त्याचे दोन्ही हात तोडले. बाबांना जो आनंद झाला तो मी दहावी पास झालो तेव्हाही झाला नव्हता. मी उठलो आणि म्हटलं, घ्या, तुम्हीच खेळा. मला वाटलं हात झटकून जातील. ते बसले.

त्यानंतर आमच्यात एक व्यवस्था पडली, न बोलता. रोज एक टर्न त्यांचा, एक माझा. मी सकाळी खेळून ऑफिसला जायचो, ते सकाळी नऊच्या आत त्यांचा संपवायचे. त्यांनी दुकानातून एक लांबट रजिस्टर आणलं आणि त्याला लॉगबुक म्हणू लागले. कोण कुठे उभा आहे, किती तापला आहे, सगळं निळ्या पेनने. खाली त्यांची सही, आणि खेळायच्या आधी चार्ज घेतला म्हणून माझी. जेवताना आम्ही एकमेकांशी बोलत नसू, पण रजिस्टरात ते लिहायचे, ‘मागील शिफ्टने विनाकारण तोफा चालवल्या.’ मी खाली लिहायचो, ‘मागील शिफ्ट भित्री आहे.’ एकदा माझी चाल साफ फसली आणि मी आदल्या दिवशीचा सेव्ह केलेला गेम उघडायला गेलो, तर त्यांनी लॅपटॉपच मिटला. "लॉगबुकात खोडाखोड चालत नाही," म्हणाले. जे झालं ते झालं, पुढून खेळायचं.

पायलटांना नावं देता येतात. सगळ्यात हलक्या, पुढे पळणाऱ्या रोबोच्या पायलटला मी एके दिवशी ‘आई’ असं नाव दिलं. खोडसाळपणाच होता, दुसरं काही नाही. त्यांनी ते पाहिलं असणार. त्या दिवशीच्या नोंदीत त्यांनी लिहिलं, ‘आई: तापमान ठीक.’

उन्हाळ्यात आमच्यासमोर एक लढाई आली. नदीकाठचं एक वीजघर दहा टर्न राखायचं, नाहीतर चार महिन्यांचा सगळा खेळ हरला. बाबांचा सगळ्यात जड रोबो वीजघराच्या दारात उभा होता. ती लढाई पाहूनच माझ्या मनात आलं, की आता यांना पकडता येईल. नवव्या टर्नला मी आईला एकटीला नदीपार नेलं, तीन शत्रूंच्या पुढ्यात, आणि तिच्या सगळ्या तोफा एकदम चालवल्या. ती तापून बंद पडली आणि शत्रूच्या पहिल्या माऱ्यात कशीबशी टिकली. दुसरे दोन रोबो आधीच लंगडे. आता तिला वाचवू शकेल असा एकच होता, दारातला. तो हलला की वीजघर गेलं. तो नाही हलला तर आई गेली. सगळं नीट मांडून, लॅपटॉप उघडा ठेवून मी ऑफिसला गेलो. दिवसभर मजेत होतो. निवडू द्या त्यांना पुन्हा एकदा, त्यांच्याच अक्षरात रजिस्टरात उमटू दे, मग बघतो कसे गप्प बसतात ते.

संध्याकाळी सहाला आलो. बाबा खुर्चीत बसले होते. कूलर कोरडा फिरत होता. सकाळी केलेल्या पोळ्या झाकलेल्याच होत्या. स्क्रीनवर कोणी जागचं हललं नव्हतं. मी रजिस्टर पाहिलं. सकाळी नऊपासून दर तासाला एक ओळ: ‘स्थिती तीच. आई बंद. रिलीव्हर नाही.’ दहा ओळी होत्या, शेवटची सहाची.

"काहून बसून राहिले तुम्ही?" मी म्हटलं. "जेवले नाही, काही नाही. तुम्ही उठले तरी ते हलत नाहीत, सांगितलं होतं ना तुम्हाले."

"बोर्ड सोडून उठाचं नाही."

"मग खेळायचं. एक बटण दाबायचं."

"कोणतं?" ते म्हणाले. "माणूस एक हाय. दोन ठिकाणी कसा जाईन? रिलीव्हर पाहिजे."

"गेममध्ये रिलीव्हर नसतो बाबा."

"तू हाय ना."

मला संताप आला. आठ वर्षांचा सगळा वर आला. मी म्हटलं, त्या दिवशीही असंच बसले होते तुम्ही, आणि ती तिथे गेली, आणि आजही तुम्हाला चुकलं म्हणायचं नाही.

बाबांनी पहिल्यांदा स्क्रीनवरून नजर काढली. "बॉयलर चालू होता," ते म्हणाले. "खाली माणसं काम करून राहिली होती. उठलो असतो तर अन् काही झालं असतं तर? अन् तिच्यापाशी तू होता. मले एवढं माहीत होतं का पोरगा हाय तिथं, तो उठणार नाही. म्हणून बसू शकलो मी. नाहीतर पळत आलो असतो."

त्यांनी सहाच्या ओळीखाली एक ओळ लिहून रजिस्टर पेनासकट माझ्याकडे सरकवलं. ‘रिलीव्हर हजर.’ म्हणाले, "घे चार्ज. सही कर. तू वीजघर पाह्य, मी तिकडं जातो."

पेन मी हातात घेतला. मी सही केली नाही. आई गेली त्या दिवशी साडेदहाला मी दवाखान्यातून खाली उतरलो होतो. रात्रभर जागा होतो, भूक लागली होती. समोरच्या ठेल्यावर तर्री-पोहे खाल्ले, चहा घेतला आणि मोबाईलवर एक गेम खेळत बसलो. एक लेव्हल संपेना म्हणून बसलो, मग आणखी एक. वर गेलो तेव्हा पलंगाभोवती पडदा ओढलेला होता. नर्स म्हणाली, कुठे होते तुम्ही, त्या विचारत होत्या. आणि दोन वाजता दारात, बाबांनी तोंड उघडायच्या आत, मी माझं वाक्य बोलून टाकलं. चोराच्या उलट्या बोंबा, आणि त्याही आठ वर्षं.

"बाबा, मी खाली गेलो होतो," मी म्हटलं. "ती गेली तेव्हा. अर्धा-पाऊण तास."

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. ते रागावतील, ओरडतील असं मला वाटलं, आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी कंट्रोल रूममध्ये विचारावं तसं विचारलं, "मग बोर्डवर कोण होतं?"

"कोणी नाही."

बाबांनी माझ्या हातातून पेन घेतला, टोपण लावलं आणि रजिस्टर मिटलं. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन, सही न घेता, ते उठले.