पुष्पांजलीनं म्हटलं, थांबा

पुष्पांजली संग्रामे हिला महिन्याला दोन कोटी ऐंशी लाख पगार मिळतो, ही बातमी आमच्या गावात मी पसरवली. मुद्दाम नाही. मुद्दाम काही करायला जी चपळाई लागते ती माझ्यात नाही. बत्तीस वर्षं शाळेत बाबू होतो.

झालं असं, की पुष्पांजली व्हिएतनाममध्ये हायफाँग नावाच्या शहरात लहान मुलांना इंग्रजी शिकवत होती. एका दुपारी तिनं मला पगाराच्या स्लिपचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "बाबूजी, हे टॅक्सची कपात पाहा जरा. बरोबर हाय का? कोनाले दाखवू नका." मी जन्मभर मास्तरांची पगारबिलं केली, म्हणून तिचा माझ्यावर विश्वास. स्लिप इंग्रजी आणि व्हिएतनामी अशा दोन्ही भाषांत होती, म्हणजे मला दोन्ही बाजूंनी न समजण्याची सोय केलेली होती. माझा भाचा हिमांशू नागपूरला एका सीएकडे काम करतो. स्लिप त्याच्याकडे पाठवावी आणि त्याचं उत्तर आलं की ते आपलंच म्हणून पुष्पांजलीला सांगावं, असा माझा साधासरळ बेत होता.

'हिमांशू' आणि 'तलाव पाणी वाटप (फक्त कामाचे मेसेज)' हे दोघे माझ्या फोनमध्ये एकाखाली एक राहतात. माझं बोट जाड. स्लिप गेली तलावाच्या ग्रुपवर, एकशे त्रेचाळीस माणसांत. चूक लक्षात येताच मी ती डिलीट केली आणि निवांत झोपलो. ती फक्त माझ्याच फोनमधून डिलीट झाली होती, बाकी एकशे बेचाळीस फोनांत सुखरूप होती, हे मला संध्याकाळी पानठेल्यावर कळलं.

"बाबूजी, दोन करोड अस्सी लाख?" तलाव समितीचा अध्यक्ष चैतराम पान थुंकायचं विसरून म्हणाला. "महिन्याचे?"

"अरे, ते डाँग आहेत. तिकडचा पैसा. तीनशे डाँग म्हणजे आपला एक रुपया."

"हाव जी," चैतरामनं डोळा मारला. "असंच सांगा लागते लोकायले."

दुसऱ्या दिवसापासून मनकर्णाबाईंच्या, म्हणजे पुष्पांजलीच्या आईच्या, अंगणात माणसं यायला लागली. देवळाला रंग हवा होता. कबड्डी मंडळाला मॅट हवी होती. तीन स्थळं आली. त्यातलं एक आधी येऊन गेलेलं होतं आणि 'मुलगी फार बोलते' म्हणून परत गेलं होतं. आता त्यांना बोलणाऱ्या मुली आवडायला लागल्या होत्या.

पण गावाला खरा चटका पगाराचा बसला नाही, कपातीचा बसला. पगाराच्या खाली टॅक्स म्हणून छप्पन लाख वजा होते. केशोराव ऐंशी वर्षांचे, अंगठेबहाद्दर. त्यांनी नातसुनेकडून शून्यं दोनदा मोजून घेतली आणि भर चौकात विचारलं, "छप्पन लाख कायले कापले? कोन खाल्ले?"

हा प्रश्न आमच्याच गावाला का पडावा, ते सांगतो. आमच्याकडे तलाव गावाचा. दर एकरामागे घराघरातून धान जमा होतं, त्यातून पाट, पाळ म्हणजे तलावाचा बांध, आणि पाणी सोडायचं दार यांची दुरुस्ती होते. धानाची कापणी-मळणी उरकली की एक दिवस सगळे तलावाच्या पाळीवर बसतात आणि वही मोठ्यानं वाचली जाते: कोणाचं किती आलं, कशावर गेलं. ज्यानं एक पायली जरी धान दिलं असेल त्याला मध्येच 'थांबा' म्हणायचा हक्क आहे. 'थांबा' म्हटलं की वाचणारा थांबतो आणि त्या ओळीचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढची ओळ वाचली जात नाही. उठूनही कोणी जात नाही. मनकर्णाबाईंनी एका वर्षी एका कुदळीच्या दांड्यावरून अख्खं गाव सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बसवून ठेवलं होतं. दांडा सापडला. ज्याच्या घरी सापडला तो अजून त्यांच्या दारावरून जाताना सायकलवरून उतरतो.

अशा आईची ही लेक. गोंदियाला इंग्रजीत एम.ए. केलं, बी.एड. केलं आणि एका कॉन्व्हेंटात लागली. कॉन्व्हेंटचं नाव सांगत नाही, त्यांची पाटी दरवर्षी बदलते. तिथे ती अठरा हजारांवर सही करायची आणि सहा हजार घ्यायची. एकदा तिनं मला विचारलं होतं, "बाबूजी, बाकीचे बारा?" मी म्हटलं, "पोरी, सही कर आणि गप राहा. अनुभव मिळतोय ना?" अनुभव तिला चार वर्षं भरपूर मिळाला. मग तिनं ऑनलाइन मुलाखत दिली आणि तडक व्हिएतनाम गाठलं. तिथल्या सेंटरमध्ये तिच्या शेजारच्या वर्गावर टॉम नावाचा इंग्लंडचा पोरगा होता. त्याचं शिक्षण झाडापानांच्या शास्त्रात झालेलं. पण तोंड जन्मतःच इंग्रजी, म्हणून त्याला पगार दीडपट. पुष्पांजलीनं यावरही तक्रार केली नव्हती. तोंडाचं काय करणार?

कपातीचं मात्र तिला खटकलं होतं. नवीन परदेशी माणसाचे वीस टक्के कापतात, पण सहा महिने राहिलं की दर उतरतो, असं तिनं तिथल्या सरकारच्या संकेतस्थळावर वाचलं होतं. तिला तर अकरावा महिना चालू होता आणि वीसचे वीस जातच होते.

मनकर्णाबाई तिसऱ्या दिवशी माझ्या घरी आल्या. शिव्या खाण्याची तयारी करून मी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत. "पोरीले फोन लावा. तोंड दिसते तसा," म्हणाल्या.

लावला. पुष्पांजलीनं आधी माझ्याकडे एक नजर टाकली. ती नजर स्लिप ग्रुपवर गेल्याबद्दलची होती. मी मान खाली घातली.

"थे छप्पन कुठी गेले वो?" आईनं सुरुवात केली.

"सरकारात गेले म्हनतेत."

"कोन म्हनते?"

"सेंटरवाले."

"कागद देल्ला का?"

"नाई."

"मंग तू दर महिन्याले सही काऊन करून राहिली?"

"माय, माहं परमिट त्यायच्या हाती हाय. दोन महिन्यानं नवं कराचं हाय. नाई केलं तं नोकरी गेली, घरी या लागन."

"मंग? घराले का कुलूप हाय?"

इथे मी माझा अनुभव खर्ची घातला. म्हटलं, "हे बघा, कपात ही कपात असते. ती विचारून होत नाही. माझ्याच पगारातून बत्तीस वर्षं व्यवसाय कर जात होता. मी कोणता व्यवसाय करतो, हे मी कधी विचारलं का? परक्या मुलखात आहेस, पोरी. परमिट महत्त्वाचं. छप्पन जाऊ दे, बाकीचे तर हातात आहेत!"

मनकर्णाबाई म्हणाल्या, "बाबूजी, तुमी चहा प्या."

पुढचं पुष्पांजलीनं मला नंतर सांगितलं. महिनाअखेरीला सेंटरचे सगळे शिक्षक रांगेत उभे राहून स्लिपवर सही करत. ही टेबलापाशी गेली आणि स्लिप मोठ्यानं वाचायला लागली. मूळ पगार, वाचला. घरभाडं, वाचलं. टॅक्सच्या ओळीवर आली आणि म्हणाली, "स्टॉप."

मॅनेजर लान मॅडम चक्रावल्या. "मी कुठे काय बोलतेय?"

"या ओळीचं उत्तर मिळेपर्यंत पुढची ओळ वाचायची नाही," पुष्पांजलीनं समजावून सांगितलं. "आणि सही सगळ्यात खाली आहे."

लान मॅडम हसतमुख बाई. त्या म्हणाल्या, हेड ऑफिसला विचारावं लागेल, वेळ लागेल, तोवर बसा. आणि त्यांनी खुर्ची दिली. इथे त्या चुकल्या. आमची माणसं पाळीवरच्या ढेकळांवर दिवसभर बसतात हो! आमच्या गावच्या पोरीला गादीची खुर्ची आणि एसी दिल्यावर ती उठेल कशाला? वर्ग संपले की पुष्पांजली स्वागतकक्षात येऊन बसायची, हातात स्लिप. टॉम येता-जाता म्हणायचा, टॅक्सच तर आहे, सोडून दे. जगात सगळीकडे माझ्यासारखी सुज्ञ माणसं आहेत, हे ऐकून बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मेरीॲन नावाची फिलिपिन्सची शिक्षिका आपली स्लिप घेऊन शेजारी बसली. तिसऱ्या दिवशी पाच खुर्च्या झाल्या. चौथ्या दिवशी प्रवेश घ्यायला आलेल्या पालकांनी लान मॅडमना विचारलं, ही शिक्षक मंडळी कशाची वाट बघतायत? फी भरायचं पाकीट पालकांनी परत खिशात घातलं. जे हेड ऑफिस महिनाभर सापडणार नव्हतं, ते त्याच दुपारी फोनवर सापडलं.

निष्पन्न असं झालं, की सहा महिन्यांनंतर कापायला हवा होता त्याच्या तिप्पट टॅक्स कापला जात होता. आणि शेवटच्या पाच महिन्यांचा कापलेला टॅक्स सरकारात भरलाच नव्हता. तो सेंटरच्याच तिजोरीत विसावला होता. 'संगणकातील त्रुटी' असं कारण निघालं. संगणकाची हीच मोठी सोय आहे, तो कधी नाही म्हणत नाही. जादा कापलेलं परत मिळालं, उरलेला टॅक्स भरला गेला, आणि लाल शिक्क्याचा कागद पुष्पांजलीच्या हातात आला. पंधरा दिवसांनी दुसरा कागद आला. आपण उत्कृष्ट शिक्षिका आहात, परंतु संस्थेच्या वातावरणाशी आपला मेळ बसत नसल्यानं परमिटचं नूतनीकरण करता येत नाही, कळावे.

फेब्रुवारीत ती घरी आली. आमच्या तालुक्याच्या, गोरेगावच्या, एसटीतून एक सुटकेस घेऊन उतरली, तेव्हा चैतराम आणखी दोघांना घेऊन सामान उचलायला आला होता. एकच सुटकेस बघून तो म्हणाला, "बाकी बँकेतून येऊन राहिलं वाटते." हायफाँगच्याच दुसऱ्या एका सेंटरनं तिला विचारलं होतं, पण पत्र यायचं होतं, येईल की नाही सांगता येत नव्हतं. ज्या स्थळाला बोलक्या मुली आवडायला लागल्या होत्या, त्यांना पुन्हा आवडेनाशा झाल्या. लाल शिक्क्याचा कागद मनकर्णाबाईंनी बाजाराच्या दिवशी गोरेगावहून लॅमिनेट करून आणला आणि घरात येईल त्याच्या हातात दिला. आमच्या गावात व्हिएतनामी कोणालाच येत नाही. तरी सगळ्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला.

त्याच आठवड्यात पाळीवरचं वाचन होतं. एक सांगायचं राहिलंच. तलावाची वही माझ्याकडे असते. बाबू म्हटल्यावर वही आलीच. मागची दोन वर्षं वाचन झालं नव्हतं. एकदा माझा गुडघा धरला होता आणि एकदा आचारसंहिता होती. आचारसंहितेचा आणि धानाचा काय संबंध, हे कोणी विचारलं नाही, आणि मीही कोणाला त्रास दिला नाही.

यंदा सगळं गाव आलं. मी चष्मा पुसला, घसा साफ केला आणि सुरुवात केली. दाराची दुरुस्ती, बावीस पायल्या. पाटाची सफाई, अठरा पायल्या. किरकोळ, चाळीस पायल्या. पाळीची माती...

"थांबा."

आवाज बायकांच्या बाजूनं आला. मनकर्णाबाई असतील अशा आशेनं मी वर पाहिलं. त्यांच्याशी माझी पंचवीस वर्षांची सवय आहे. त्या शांतपणे तोंडात सुपारी टाकत होत्या. उभी होती पुष्पांजली.

"किरकोळ म्हंजे काय काय, बाबूजी?"

केशोरावांनी कानामागे हात धरला. चाळीस पायल्यांत काय काय होतं ते मला आठवत होतं, आणि तीच अडचण होती. समितीचा चहा होता. समितीचा म्हणजे माझा आणि चैतरामचा. ग्रुप चालवायचा म्हणून माझ्या फोनचं रिचार्ज होतं. वही ठेवायला एक प्लॅस्टिकचं टेबल होतं, ज्यावर सध्या आमचा टीव्ही आहे.

मी अगदी घरच्या आवाजात म्हटलं, "अगं पोरी, तिकडच्या लोकांना धारेवर धरलंस ते ठीक. ते परके. मी तर तुझा घरचा माणूस. तू स्लिप पाठवलीस ती विश्वासानं माझ्याकडेच ना?"

"माही स्लिप तुमी न वाचताच पुढं ढकलली, बाबूजी," ती खाली बसत म्हणाली, "आता वही तरी वाचा."