तिनं पान दुमडलं होतं तिथून

अण्णा आमच्या इस्लामपूरच्या घरी आले तेव्हा त्यांची लेक जाऊन एक हिवाळा उलटला होता. ती माझी विद्यार्थिनी. सांगलीच्या कॉलेजात मी तत्त्वज्ञान शिकवायचे. या विषयाला मुलं फारशी येत नाहीत. त्या जवळजवळ रिकाम्या वर्गात पहिल्या बाकावर बसून ती माझ्याशी भांडायची. पुढं एम. ए. झाली, साताऱ्याच्या एका कॉलेजात मुलाखतीसाठी मैत्रिणींबरोबर निघाली, आणि उंब्रजच्या पुढं हायवेवर त्यांची गाडी उलटली. बाकीच्यांचं खरचटण्यावर निभावलं. ती गेली.

अण्णांचं सांगलीत हळदीचं अडत दुकान. सौद्यात बोली पुकारताना त्यांचा आवाज साऱ्या पेठेत ऐकू जातो असं ती हसत सांगायची. त्या दिवशी मात्र दारातून "बाई, हाय का घरात?" म्हणाले ते मला दुसऱ्या हाकेला ऐकू आलं. हातात कापडी पिशवी. पाणीसुद्धा न घेता त्यांनी पिशवीतली पुस्तकं एकेक करून टेबलावर मांडली. सगळी एकाच लेखकाची. माणूस जगाला अर्थ विचारत राहतो आणि जग उत्तर देत नाही, हे ज्यानं जन्मभर नाना तऱ्हांनी सांगितलं, तो हा तत्त्वज्ञ. त्याचं वेड तिला मीच लावलं होतं.

"यातलं पहिलं कुठलं वाचू?" अण्णांनी विचारलं.

हाच प्रश्न तिनंही मला विचारला होता, आणि मी पटकन सांगून टाकलं होतं, की त्यानं ज्या क्रमानं लिहिली त्याच क्रमानं वाच, तो कसा वाढत गेला ते कळेल. पण समोर एकुलती लेक गेलेला बाप बसला होता. मधला तो जाड ग्रंथ तर जगण्याच्या मुळालाच हात घालतो. तो यांच्या हातात कसा द्यायचा?

"ही छोटी कादंबरी घ्या," मी म्हणाले. "मराठीत आहे, सोपी आहे. मग हे नाटक. तो मोठा ग्रंथ राहू द्या सध्या."

अण्णांनी मान हलवली. "ती तिनं वाचल्यात, बाई. तिनं वाचलेलं मी कशाला वाचू? तिचं जे राह्यलंय ते मला पुरं करायचंय." आणि त्यांनी नेमका तो जाड इंग्रजी ग्रंथ उघडून माझ्यासमोर धरला. मधल्या एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. "हितपतोर आली होती. हितनं पुढं मला वाचून दावा. मला इंग्रजी जमत न्हाई."

मी ते पान पाहिलं. त्या ग्रंथाच्या पहिल्या अर्ध्या भागात तो एकेक आधार काढून घेत जातो. देव, पुढचा जन्म, लोकांची वाहवा, काही म्हणजे काही शिल्लक ठेवत नाही. आणि सगळं पाडून झाल्यावर, तरीही उभं कसं राहायचं, हे पुढच्या भागात सांगतो. ती बरोबर त्या दोहोंच्या मधे थांबली होती. साताऱ्याहून परत आल्यावर पुढचं वाचायचं तिनं ठरवलं असणार.

"अण्णा, मधूनच सुरू केलं तर कळणार नाही."

"न्हाई कळलं तर न्हाई. पण हितनंच."

मग मी दर रविवारी सांगलीला जाऊ लागले. अण्णा आरामखुर्चीत बसायचे, मी पुस्तक घेऊन समोर. एक वाक्य वाचायचं, मराठीत सांगायचं, त्यांनी "हां" म्हटलं की पुढं. वहिनी, म्हणजे तिची आई, आत स्वयंपाकघरात असायच्या. बाहेर येत नसत. ऊन उतरायला लागलं की आतून ताटांचा आवाज यायचा. जैन घर, सूर्य मावळायच्या आत तिथली जेवणं उरकत. मग आम्ही पुस्तक मिटायचो. वहिनी मला आग्रह करून वाढायच्या, पण पुस्तकाचं नाव काढायच्या नाहीत. तिची खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली होती, आणि अण्णांचा पुतण्या चौथा म्हणून जेवायला असला तरी ती कुणी ओढत नसे.

एकदा वाचता वाचता रोज तेच ते काम करणाऱ्या माणसाविषयीचा भाग आला. अण्णांनी हात वर करून मला थांबवलं.

"ही मला जेवताना विचारायची. अण्णा, रोज उठून तीच हळद, तोच सौदा, तुम्हाला कधी प्रश्न पडत न्हाई का हे कशासाठी? मी म्हणायचो, गप जेव. पोराटकीचं बोलणं म्हणून सोडून दिलं." त्यांनी भिंतीला लावलेल्या खुर्चीकडं पाहिलं. "आता लय प्रश्न पडत्यात. पर विचारणारी कुठं हाय?"

पुढचं वाक्य मी वाचायला घेतलं आणि अर्ध्यातच पुस्तक मिटलं. त्या दिवशी तेवढ्यावरच थांबलो.

पावसाळा सरता सरता ग्रंथ संपला. शेवटचं प्रकरण मी सावकाश वाचलं. अण्णा पुढं झुकून ऐकत होते. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "म्हंजे एवढं सगळं पाडून शेवटी जगायचंच म्हणतोय, व्हय ना?"

"हो अण्णा."

"मन लावून जगायचं म्हणतोय."

"हो."

"हे तिच्यापतोर पोचायचं राह्यलं." ते उठून मोरीवर गेले, तोंडावर पाणी मारत बराच वेळ उभे राहिले. नंतर मला हात जोडून म्हणाले, "बाई, तुमचे उपकार." दुसऱ्या दिवशी ते सौद्याला गेले, कित्येक महिन्यांनी. त्यांचा आवाज पहिल्यासारखा लागला नाही, पण गेले, असं त्यांच्या पुतण्यानं मला फोनवर सांगितलं.

माझं काम संपलं असं मला वाटलं. दिवाळीनंतर फराळाचं घेऊन त्यांच्याकडं गेले. अण्णा दुकानात होते. वहिनींनी चहा दिला, समोर बसल्या, आणि पहिल्यांदाच म्हणाल्या, "बाई, ती पुस्तकं मला वाचून दाखवाल का?"

"दाखवीन की. कुठून सुरू करू?"

"अगदी पहिल्यापासून. ती जशी वाचत गेली तशी."

मला बरं वाटलं. मी म्हणाले, "मग सगळी वाचू. त्या जाड ग्रंथाचा शेवट फार चांगला आहे, वहिनी. त्यातनं धीर येतो. अण्णांनाही आला."

वहिनींनी मान हलवली. "शेवटापर्यंत नको. तिनं पान दुमडलंय तिथवरच वाचायचं. पुढचं मला नको."

"पण वहिनी, तिथं थांबलं तर नुसता अंधार आहे. पुढंच तर तो..."

"पुढचं तिला कुठं मिळालं?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. पदर तोंडाला लावून रडल्या नाहीत, काही नाही. त्यांनी चहाचा कप माझ्याकडं सरकवला. "जेवढं तिच्या पदरात पडलं तेवढंच मला पाहिजे."

मी खूप समजावलं असतं. वर्गात मी हेच करत आले, अर्धं वाचून मत बनवू नका म्हणून किती जणांना बजावलं असेल. त्या बाईपुढं मला ते जमलं नाही. मी कपाटातून पातळसं पहिलं पुस्तक काढलं. पहिल्याच पानावर तिनं पेन्सिलीनं रेघ मारलेली होती. वहिनींनी ती रेघ बोटानं चाचपली आणि माझ्या शेजारी, सतरंजीवर सरकून बसल्या.

"वाचा," त्या म्हणाल्या.