मागच्या दाराची साखर

…तर कोंबडीवाल्यानं सुरी खाली ठेवली आणि आमच्या सूनबाईला विचारलं, "ताई, रोज नुसती आतडीच नेता. घरी मांसाचं कुणाला वावडं आहे काय?" मी शेजारी आतडी ताजी ठेवायचा थर्मास धरून उभा. हसावं की तोंड लपवावं, कळेना. काल गोष्ट सांगता सांगता इथवर आलो आणि माझाच डोळा लागला, म्हणून राहिलं.

ही आमची धाकटी सून. प्रयोगशाळेत आतड्यांवर संशोधन करते. तिचा विषय मला तोंडपाठ आहे, कारण तो तिनं मला माझीच हगवण चालू असताना, संडासाच्या दाराबाहेर उभं राहून समजावला.

"बाबा, ऐकताय ना? आतड्याच्या अस्तरात पेशी असतात. पेशीच्या आत निरोप फिरतात, हे दार लावा, ते उघडा. तुमच्या आत आत्ता भलताच निरोप सुटलाय. मीठ आत घेण्याचं नेहमीचं दार बंद, आणि आतलं मीठपाणी बाहेर!"

"ते कळतंय गं मला!" मी आतून.

"पण साखरेचं दार त्या निरोपाला भीक घालत नाही. साखर आली की ते मिठालाही सोबत आत घेतं, मागून पाणी येतं. म्हणून बाहेर आलात की हे साखर-मिठाचं पाणी प्यायचं."

प्यायलो. वाचलो. तेव्हापासून मी तिच्या पक्षातला.

तर त्या दिवशी बाहेरचे परीक्षक तिचा प्रयोग डोळ्यांनी बघायला येणार होते. तिच्या सरांनी आधीच बजावलं होतं, "आज यंत्राची सुई हलली नाही तर पदवी विसर. यंत्र दुसऱ्याला देईन, तू पहिल्यापासून सुरुवात कर." पोरीच्या तोंडचं पाणी पळालेलं. स्कूटरवर मागं थर्मास सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून मी निघालो. घाईत जो हाताला लागला तो स्वेटर चढवला.

प्रयोगशाळेत तिनं आतडं उभं चिरलं, रुमालासारखं पसरलं आणि तुकडा दोन छोट्या भांड्यांच्या मध्ये चिमटून बसवला. दोन्हीकडे अंगाइतकं कोमट मीठपाणी, त्यात बुडबुडे. पुढच्या भांड्यात आतड्याची आतली बाजू, मागच्यात रक्ताकडची. पुढच्यात साखर टाकायची, तुकडा ती मिठासकट ओढणार, आणि मिठाच्या त्या ओढीनं वीज मोजणारी सुई चढणार. असा बेत.

साखर टाकली. सुई ढिम्म.

आणखी टाकली. सुई जेवून झोपलेल्या जावयासारखी.

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. सर तिच्या कानाशी पुटपुटले, "मेलेला तुकडा आहे म्हणून सांग." तिनं आधारासाठी इकडंतिकडं पाहिलं, तर आधार म्हणून मीच. माझ्याकडं बघता बघता म्हणाली, "बाबा, स्वेटर उलटा घातलाय तुम्ही. शिवण बाहेर आलीय."

"असू दे गं. इथं कोण मला बघायला आलंय?"

ती हसली नाही. एकदा माझी शिवण, एकदा तो तुकडा, असं बघत राहिली. मग कपाळावर हात मारून घेतला. सुई सुरुवातीपासूनच शून्याच्या भलत्या अंगाला बसली होती म्हणे. पण घाबरलेल्या माणसाला सुई दिसते, तिची बाजू दिसत नाही.

दुसरा तुकडा आला. या खेपेला तिनं तो बोटानं चाचपून, आतलं अंग कुठलं ते बघून बसवला. साखर पडली, सुई सरसर चढली! मग पेशीत तो हगवणीचा निरोप सोडणारं औषध टाकलं, सुई आणखी वर; मीठ बाहेर पडतानाही ती वरच जाते म्हणे. त्यावर पुन्हा साखर, तर पुन्हा वर. म्हणजे तो निरोप सुटलेला असतानाही साखरेचं दार उघडंच. मी टाळ्या वाजवल्या. सरांनी डोळे वटारले.

परीक्षक मात्र मुरलेले. "छान. पण पहिला तुकडा गप्प का बसला?"

सर खोकले. मान तिरकी टाकून, जीभ बाहेर काढून 'मेला, मेला' अशा खुणा करू लागले. सुनेनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि पदर नव्हता, म्हणून ॲप्रनच खोचला. तिच्या उत्तरावर परीक्षक डोळे पुसत हसले आणि हसता हसताच सही केली. ते उत्तर शब्दाला शब्द असं:

"तुकडा जिवंत होता, सर. घाबरून मीच उलटा बसवला. साखर मागच्या दाराशी गेली, त्यानं ओढली नाही. ओढून घेणारं दार फक्त आतल्या अंगाला असतं, हे मी तिसऱ्या प्रकरणात लिहिलंय. निदान या तुकड्यानं तरी माझा प्रबंध नीट वाचलाय!"